शिट्टी कोण वाजवणार?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाई ४१ वर्षांच्या आहेत. तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात त्या चौदा वर्षं शारीरिक शिक्षण संचालक आहेत. विद्यार्थिदशेत विद्यापीठाकडून खो-खो खेळल्या, आणि नोकरी लागल्यावर मुलींचा खो-खो संघ शून्यातून उभा केला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तो संघ आता दरवर्षी उपांत्य फेरीत असतो. त्यातल्या काही मुली पोलीस भरतीत लागल्या, एक स्वतःच शिक्षिका झाली. मागच्या महिन्यात त्यांची विद्यापीठाच्या क्रीडा व शारीरिक शिक्षण संचालकपदी निवड झाली. नेमणूक पाच वर्षांसाठी आहे, मूळ जागेवर लिन, म्हणजे परत येण्याचा हक्क, राहील, आणि रुजू व्हायला तीन आठवडे उरलेत.

त्या लिहितात: ‘अर्ज भरताना उत्साह होता, आता झोप लागत नाही. मी मैदानावरची बाई आहे, फायलींतली नाही. मैदान सोडून खुर्चीत बसले तर मी मीच राहणार नाही. विद्यापीठाला दीडशेवर महाविद्यालयं आहेत. या पदाची वाट पाहणारे एक ज्येष्ठ सर आहेत, त्यांना मानणारा मोठा गट आहे, ते एका बाईचं ऐकतील का? मुलगा यंदा दहावीला आहे, विद्यापीठ एकशेवीस किलोमीटरवर आहे. मिस्टरांची हरकत नाही, पण घरात कोणी स्पष्ट बोलतही नाही. प्राचार्य म्हणतात, दोन्ही सांभाळा, अतिरिक्त कार्यभार घ्या. परवा सरावानंतर माझ्या कर्णधार मुलीने विचारलं, मॅडम, तुम्ही गेल्यावर सकाळी सहाला शिट्टी कोण वाजवणार? मला उत्तर देता आलं नाही. जाऊ की नको?’

प्रिय मॅडम,

आपल्या क्षेत्रात वय काहीही असो, सगळे एकमेकांना सर आणि मॅडमच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. निवृत्त होण्याआधी सहा वर्षं मी याच पदावर होते. तुमचं पत्र वाचताना तुमच्या जागी कितीदा तरी मीच दिसले, त्यामुळे जे लिहिते आहे ते जरा कळकळीने लिहिते आहे.

तुमच्या पत्रात ‘मैदान’ हा शब्द बारा वेळा आलाय. मी मोजला. ‘विद्यापीठ’ पाच वेळा. आणि ज्या कामासाठी तुमची निवड झाली, ते काम नेमकं काय आहे, याबद्दल एकही वाक्य नाही. ‘फायली’ आणि ‘खुर्ची’ एवढंच. यावरून मला वाटतं, तुम्ही या पदाला घाबरलेल्या नाही. त्याचं जे चित्र तुमच्या मनात आहे त्याला घाबरल्या आहात. ते चित्र आधी तपासू.

जुलै २०२५ मधली एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. जर्मनीत ऱ्हाइन-रुहर भागात जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाल्या. बॅडमिंटनसाठी भारतातून बारा विद्यार्थी गेले होते. निवड चाचण्या देऊन, घाम गाळून, रीतसर निवडून आलेले. स्पर्धेआधी व्यवस्थापकांची बैठक असते, तिथे खेळाडूंची नावं द्यायची असतात. आपल्याकडून सहाच नावं नीट गेली. उरलेले सहा जण जर्मनीपर्यंत जाऊन खेळू शकले नाहीत. आपल्याला मिश्र सांघिक कांस्यपदक मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण त्या सहांचं काय? त्यांच्यापैकी कोणाचा स्मॅश कमी पडला नव्हता. एक कागद कमी पडला.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. मैदान आणि फाईल या दोन वेगळ्या दुनिया आहेत, हे तुम्ही धरून चालला आहात, ते बरोबर नाही एवढंच दाखवायचंय. मीही तसंच धरून चालले होते. पहिल्या वर्षी मला ऑफिसात बसवत नसे. मुलांच्या कबड्डी संघाचं सराव शिबिर चालू होतं, मी सकाळ-संध्याकाळ तिथेच. चढाया बघत होते, सूचना देत होते, मनातून खूश होते. त्याच आठवड्यात मुलींचा व्हॉलीबॉल संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघायचा होता. त्यांच्या तसलमातीची, म्हणजे प्रवासासाठीच्या आगाऊ रकमेची, फाईल माझ्या टेबलावर सहीसाठी पडून होती. मी सही केली ती निघण्याच्या दोन दिवस आधी. तोवर आरक्षण संपलेलं. त्या मुली रात्रभर जनरल डब्यात, काही दाराजवळ उभ्या, काही सामानावर बसून गेल्या, आणि सकाळी नऊला त्यांचा पहिला सामना होता. हरल्या. परत आल्यावर एकीनेही तक्रार केली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मी त्या आठवड्यात मैदानावर होते खरी, पण माझ्या हातून खेळाडूंचं नुकसान झालं ते मी टेबलावर नसल्यामुळे.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण मुलांना पदकासाठी सांगतो. १९५२, हेलसिंकी, कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मला त्या गोष्टीतले प्राचार्य जास्त आठवतात. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे बाळासाहेब खर्डेकर. आपल्या जुन्या विद्यार्थ्याला हेलसिंकीला जाता यावं म्हणून त्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपण हे त्यागाचं उदाहरण म्हणून सांगतो, आणि तो त्याग होताच. पण मला त्यात नेहमी एक प्रश्नही दिसतो. पैसे वेळेवर पोचवणारी व्यवस्था असती, तर प्राचार्यांना घर गहाण टाकावं लागलं नसतं. तुम्हाला जे पद मिळालंय ते त्यासाठीच आहे. आज तुमच्यासारखे कितीतरी शिक्षक स्वतःच्या खिशातून मुलींना बूट घेऊन देतात. तुम्हीही दिले असणार. त्यांच्या खिशाला हात लागू नये अशी तजवीज विद्यापीठात बसून करता येते. मैदानावर उभं राहून फक्त आपल्या पंधरा मुलींपुरती करता येते.

आता ‘मी फक्त प्रशिक्षक आहे’ या तुमच्या दुसऱ्या समजुतीकडे येते. आपल्या पदांसाठी निवड कशावर होते ते बघा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत पदवी, नेट किंवा पीएच.डी., खेळल्याचा दाखला आणि शारीरिक क्षमता चाचणी आहे. तीस वर्षांपर्यंतच्या महिला उमेदवाराने आठ मिनिटांत एक हजार मीटर धावायचं किंवा चालायचं, वय वाढेल तसं अंतर कमी. या चाचणीला माझा विरोध नाही. पण अंदाजपत्रक मांडता येतं का, चिडलेल्या दोन संघांच्या मध्ये उभं राहता येतं का, पंचांचं मानधन थकलं तर लेखा विभागातून ते काढून आणता येतं का, हे कोणीच तपासत नाही. त्यामुळे आपणही समजतो की ही कौशल्यं आपल्या कामाचा भाग नाहीत, ती ‘ऑफिसवाल्यां’ची.

प्रत्यक्षात तुम्ही चौदा वर्षं हेच करत आलात. विभागीय स्पर्धेचं यजमानपद तुमच्या महाविद्यालयाने दोनदा घेतलं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तेव्हा चुन्याच्या फक्क्यांपासून मुलींच्या मुक्कामापर्यंत कोणी पाहिलं? गावातल्या मंगल कार्यालयाच्या मालकाला कोणी पटवलं? मुलगी खेळायला बाहेरगावी नको म्हणणाऱ्या वडिलांच्या ओट्यावर जाऊन कोण बसलं? याला प्रशासन म्हणतात, मॅडम. फक्त तुम्ही ते ट्रॅकसूटमध्ये केलंत, म्हणून ओळखलं नाहीत.

इथे मला अमेरिकेतल्या एका बाईंची आठवण होते. तिकडे विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाचं पद फार मोठं, तिकीटविक्री आणि दूरचित्रवाणीच्या पैशांशी बांधलेलं, आपल्याशी त्याची सरळ तुलना होत नाही. पण क्रिस्टीन ग्रँट यांचं उदाहरण तुमच्या प्रश्नाला लागू पडतं. मूळच्या स्कॉटलंडच्या, हॉकीच्या प्रशिक्षक. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असं त्याने ठरवलं. पुढच्याच वर्षी आयोवा विद्यापीठाने ग्रँट यांना महिला क्रीडा विभागाच्या संचालक केलं. त्या २००० पर्यंत त्या पदावर राहिल्या. १९८३ मध्ये त्यांनी बास्केटबॉलच्या प्रशिक्षक म्हणून व्हिव्हियन स्ट्रिंगर यांना आणलं, आणि दोनच वर्षांत, १९८५ मध्ये, त्या संघाच्या एका सामन्याला २२,१५७ प्रेक्षक आले. आकडा मुद्दाम शेवटच्या अंकापर्यंत लिहिते, कारण मुलींचे सामने बघायला कोण येणार, हे वाक्य तिथेही लोक म्हणतच होते. ग्रँट हॉकीच शिकवत राहिल्या असत्या तर एक चांगला हॉकी संघ झाला असता. त्या खुर्चीत बसल्या म्हणून योग्य प्रशिक्षक शोधता आली, तिला पगार आणि पाठबळ देता आलं.

ज्येष्ठ सरांबद्दल. इथे मी जरा सावकाश लिहिते, कारण तुमची खरी भीती ही आहे असं मला वाटतं.

ते सर रागावलेले असतील, तर त्या रागात थोडं दुःखही असणार. वीस-पंचवीस वर्षं विभागाचं काम केलेला माणूस, आणि मुलाखतीत दुसऱ्याचं नाव निघालं. रुजू व्हायच्या आधी त्यांना भेटा. फोनवर नको, आणि विद्यापीठातही नको. त्यांच्या महाविद्यालयात, त्यांच्या मैदानावर जा. आशीर्वाद मागायला जाऊ नका आणि सारवासारव करायलाही नको. त्यांना जे येतं आणि तुम्हाला येत नाही, असं एक काम ठरवून मागा. समजा त्यांना पंचांच्या नेमणुकांची नस ठाऊक आहे, तर म्हणा, ‘सर, पंचांचं पॅनेल या वर्षी तुम्ही लावून द्या, लेखी.’ लेखी हा शब्द महत्त्वाचा. मान मिळतो आणि जबाबदारीही ठरते. काही माणसं यानंतरही आडवी येतात, ती येवोत. पण बाकीचा जो ‘गट’ तुम्ही म्हणता, त्यातले बहुतेक जण कोणाच्याच गटात नसतात. ज्याच्याकडून प्रवासभत्ता वेळेवर मिळतो, वेळापत्रक बदलत नाही आणि फोन उचलला जातो, त्याच्या ते बाजूचे होतात. त्यांच्या महाविद्यालयात प्राचार्य त्यांना विचारत नाहीत, विद्यापीठात कोणी ओळखत नाही. त्यांना नावाने ओळखणारा संचालक हवा असतो.

‘बाईचं ऐकतील का’ याचं सरळ उत्तर: काही जण सुरुवातीला ऐकणार नाहीत. बैठकीत तुमच्याऐवजी शेजारच्या पुरुष सहकाऱ्याकडे बघून बोलतील. मी ते सोसलंय. त्यावर मोठ्या आवाजाचा उपयोग होत नाही, बैठकीचं इतिवृत्त त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाठवण्याचा होतो. काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत. तीन बैठका असं झालं की लोक तुमच्याकडे बघून बोलायला लागतात, कारण ठरलेलं तुमच्याकडून बाहेर पडतं.

निवडीच्या वेळी फोन येतील. व्यवस्थापन परिषदेतून येतील, संस्थाचालकांकडून येतील, कधी तुमच्या स्वतःच्या गुरूंकडूनही. ‘आमचा पोरगा तेवढा संघात बघा.’ राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे संघात असण्याच्या कागदाला पोटापाण्याची किंमत आहे, आणि म्हणूनच खोटी प्रमाणपत्रंही याच राज्यात पकडली गेली. अशा फोनशी वाद घालत बसू नका. निवड चाचणीची पद्धत अशी करा की फोनला जागाच उरू नये. धावण्याच्या वेळा, गुण, निवड समितीच्या सह्या, हे सगळं त्याच दिवशी, खेळाडू मैदानावर असतानाच फलकावर लागलं पाहिजे. चाचणीचं चित्रीकरण ठेवा. मग फोन आला की एवढंच म्हणता येतं, ‘सर, यादी दुपारी चारलाच लागली.’ आणि न निवडलेल्या मुलालाही कळतं की तो कुठे कमी पडला. त्याच्यासाठी हे सगळ्यात मोठं आहे, कारण बहुतेक मुलं हरण्याने खेळ सोडत नाहीत, आपल्यावर अन्याय झाला असं वाटून सोडतात.

एक गोष्ट अशी आहे जी तुम्ही केली नाहीत तर पुढची पाच वर्षं कदाचित कोणी करणार नाही. मुलींच्या संघांबरोबर महिला व्यवस्थापक असतेच असं नाही. कागदावर नाव असतं, प्रवासाला भलताच कोणी जातो. यजमान महाविद्यालयात मैदान उत्तम असतं, पण मुलींना कपडे बदलायला बंद दाराची खोली नसते आणि स्वच्छतागृह दोन इमारती पलीकडे असतं. मुली मग सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि आपण म्हणतो दुपारी दम कमी पडला. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही स्वतः त्या मुलींतली एक होतात. जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या नामवंत कुस्तीपटू मुली लैंगिक छळाची तक्रार घेऊन जंतरमंतरवर येऊन बसल्या, तेव्हा सगळ्यांनी विचारलं की या आधी का बोलल्या नाहीत. कोणाकडे बोलायचं, हे आपल्या किती संघांतल्या मुलींना ठाऊक असतं? यजमानपदाच्या अर्जातच खोली, स्वच्छतागृह आणि महिला व्यवस्थापक या अटी घाला. अंतर्गत तक्रार समितीचा क्रमांक संघाच्या यादीबरोबर प्रत्येक मुलीच्या हातात द्या. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, संचालकाची सही लागते. दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी तो जिंकला, तेव्हा तुमच्या गावातही फटाके वाजले असतील. त्या विश्वचषकापर्यंत जाणाऱ्या वाटेवर कुठेतरी आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असतात. ती वाट मुलींना चालता येईल अशी ठेवायचं काम तुमच्यासमोर आलंय.

प्राचार्यांचा सल्ला मात्र घेऊ नका. त्यांचा हेतू वाईट नसेल, चांगला माणूस सुटू नये असं त्यांना वाटत असणार. पण अतिरिक्त कार्यभार म्हणजे सकाळी तुमचं मैदान, दुपारी एस.टी. किंवा गाडी, चारला विद्यापीठ, आणि तिथे पोचेपर्यंत लेखा विभागातली माणसं घरी. जून-जुलैत वेळापत्रकाची बैठक, मग ऑक्टोबरपर्यंत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, लगेच निवड चाचण्या, शिबिरं, पश्चिम विभाग, अखिल भारतीय, मध्येच राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध क्रीडा महोत्सव, आणि संघ पात्र ठरले तर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. या चक्रात अर्धवेळ संचालक टिकत नाही. प्रभारी माणसाला अधिकार अर्धे मिळतात आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप मात्र पूर्ण त्याच्या नावावर निघतात. जायचं तर पूर्ण जा, नाहीतर राहा.

राहायचं ठरवलंत तर त्यातही कमीपणा नाही, हे मनापासून लिहिते. पण मग ‘मैदान सुटेल’ हे कारण देऊ नका, कारण ते खरं नाही. मुलाची दहावी हे कारण असू शकतं. तब्येत असू शकते. ‘मला शिकवण्यातच आनंद आहे आणि तो मला पुरेसा आहे’ हेही पूर्ण कारण आहे. तसं असेल तर विद्यापीठाच्या निवड समितीवर किंवा क्रीडा मंडळावर काम करायची तयारी कळवा. तुमच्यासारखी माणसं तिथेही कमीच आहेत.

जायचं ठरवलंत, तर रुजू होण्याआधी काही गोष्टी कागदावर घ्या, नंतर त्या मिळत नाहीत. लिनचा आदेश तुमच्या संस्थेच्या ठरावासह हातात हवा, तोंडी आश्वासन नको. निवासस्थान किंवा वसतिगृहातली खोली पहिल्या दिवसापासून हवी. आणि कुलगुरूंना भेटून एकच प्रश्न विचारा: संघ पाठवण्याची तसलमात किती रकमेपर्यंत माझ्या सहीने निघेल? त्या उत्तरातून तुम्हाला या पदाचा खरा आकार कळेल. ती मर्यादा एका संघाच्या प्रवासालाही पुरत नसेल, तर ती वाढवून घेणं हे तुमचं पहिल्या महिन्याचं काम. त्यानंतर मागच्या तीन वर्षांच्या समायोजन न झालेल्या तसलमाती काढा. कोणत्या व्यवस्थापकाचा हिशेब अडकलाय ते बघा. बहुतेकांनी खाल्लेलं नसतं, एखादं बिल हरवलेलं असतं, आणि त्या लाजेने तो शिक्षक पुन्हा संघ घेऊन जायला तयार होत नाही. असे दहा हिशेब सोडवलेत तर दहा माणसं परत मिळतील. पहिल्या वर्षी नवीन स्पर्धा, नवीन महोत्सव काही काढू नका. प्रत्येक खेळाडूला दैनिक भत्ता निघण्याआधी खात्यात मिळाला, आणि एकही संघ विनाआरक्षण गेला नाही, एवढं झालं तरी मी म्हणेन वर्ष सोन्याचं गेलं.

घराबद्दल मला बाहेरून फार बोलता येणार नाही. पण ‘मिस्टरांची हरकत नाही, पण कोणी स्पष्ट बोलत नाही’ या वाक्यातला ‘पण’ तुम्हीच उघडा. हरकत नसणं आणि सकाळी सहाला उठून डबा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगीवर बोलू नका, कामांवर बोला. सोमवार ते शुक्रवार स्वयंपाक कोण करणार, सासूबाईंच्या गोळ्या कोण बघणार, परीक्षेच्या महिन्यात तुम्ही किती दिवस घरी असाल. मार्चच्या रजेचा अर्ज आत्ताच मनात धरा, कारण तेव्हा स्पर्धांचा जोर ओसरत आलेला असतो. आणि मुलाला विचारा. सोळाव्या वर्षी मुलं आपण समजतो त्यापेक्षा बरंच पेलतात. आई कुठल्याशा मोठ्या कामावर जाते आहे हे त्याने अभ्यासाच्या टेबलावरून बघितलं, तर त्यात त्याचं नुकसानच होईल असं तुम्ही का धरता? नुकसान होईलही कदाचित, थोडं. ते त्याच्या तोंडून ऐका, स्वतःच्या अपराधी मनाकडून नको.

आता तुमची कर्णधार आणि तिची शिट्टी.

त्या प्रश्नाने तुम्ही हलून गेलात, कारण तुम्हाला त्यात ‘आम्हाला सोडू नका’ ऐकू आलं. मला त्यात काळजीही ऐकू येते, आणि एक चांगला, व्यवहारी प्रश्नही. चौदा वर्षांत शिट्टी दुसऱ्या कोणाच्या हातात गेली नाही, हे तिने ओळखलंय. तुम्ही खो-खोच्या आहात, तुम्हाला मी काय सांगणार. पाठलाग करणारी पाटीवर पोचते, बसलेलीच्या पाठीवर हात ठेवते, खो देते आणि तिच्या जागी स्वतः बसते. ती मैदान सोडत नाही. आणि खो द्यायला उशीर केला तर दमते ती स्वतः, आणि सुटतो तो समोरचा गडी.

सोमवारी सकाळी मुद्दाम पंधरा मिनिटं उशिरा जा. फाटकाबाहेर, मुलींना दिसणार नाही असं उभं राहा. सहा वाजता काय होतं ते बघा. कोणी पुढे होऊन रांगा लावते का, कोण दोर मारायला सुरुवात करते, कोण नुसती फोनवर बसते. तुम्ही लिहिलंय की तुमची एक जुनी खेळाडू शिक्षिका झाली आहे आणि गावातच आहे. तिला त्या सोमवारी बरोबर न्या. मग आत जाऊन शिट्टी कर्णधाराच्या हातात द्या, आणि त्या शिक्षिकेला मैदानाच्या कडेला उभं करा. उरलेले तीन आठवडे तुम्ही दोघींच्या मागे उभ्या राहा. निर्णय काय घेतलात ते मला नंतर कळवलंत तरी चालेल, पण सोमवारी शिट्टी कोणी वाजवली ते आधी लिहा.